गोळी नक्की कुठल्या पायाला?

"डाव्या पोटरीत घुसली ती थेट हाडापाशी जाऊन थांबली," दौलत शिंगटे सांगत होता, आणि खाटेवरचा गुऱ्हाळवाला तोंड उघडं टाकून ऐकत होता. काहिलीतला उकळता रस सांडून त्याचा हात कोपरापर्यंत भाजला होता, आणि शिंगटे त्याची जखमेला चिकटलेली जुनी पट्टी सोडवायला बसला होता. मी थर्मामीटरचा ट्रे घेऊन तिथूनच चालले होते. खोटं कानावर पडलं की माझे पाय आपोआप थांबतात, त्याला मी तरी काय करणार?

"सोमवारी उजव्या पोटरीत होती," मी म्हणाले.

शिंगटेनं मानसुद्धा वर केली नाही. "सिस्टर, एवढ्या लांबून आलेली गोळी, एकाच पायाला भेटून कशी जाईल?"

गुऱ्हाळवाला खो-खो हसला. शेजारच्या दोन खाटाही हसल्या. शिंगटेनं तेवढ्यात पट्टी काढून बादलीत टाकली, मिशीवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडं असं पाहिलं, की जणू मी त्याची आरती ओवाळायला थांबले आहे. मी तिथून निघून गेले.

आमचं मिशनचं हॉस्पिटल तालुक्याच्या गावी, आणि त्या भागात घरटी एक माणूस फौजेत. तिथं जाऊन तो काय झाला, याची कुणी चौकशी करत नाही. काळी पेटी घेऊन गावच्या स्टँडवर उतरला की तो मेजर. शिपाई म्हणून भरती झाला आणि शिपाई म्हणूनच सुटला तरी मेजरच. एसटीचा कंडक्टरसुद्धा त्याला 'मेजर, पुढं सरका' म्हणतो. तेव्हा शिंगटेला सगळे मेजर म्हणत, यात त्याचा काही दोष नव्हता. दोष एवढाच की त्यानं ते मनावर घेतलं.

फौजेतून लवकर सुटून हा गडी नर्सिंगच्या कोर्सला गेला. वर्गात सगळ्या कोवळ्या पोरी, आणि मागच्या बाकावर हे मिशीवालं ध्यान. पास झाला तोही, म्हणतात, परीक्षेच्या बाईंना बर्फातल्या गोष्टी सांगून. आमच्या पुरुष वॉर्डात तो ब्रदर म्हणून आला तेव्हा मी इनचार्ज होते. देवानं माझ्या सहनशीलतेची परीक्षा घ्यायचं ठरवलं असेल, तर पेपर चांगला काढला होता.

आता त्याचे गुणही सांगते, नाहीतर म्हणाल लोंढे सिस्टर एकतर्फी बोलते. दिसायला राजबिंडा. आवाज खणखणीत. म्हाताऱ्यांच्या दाढ्या करून द्यायचा, आणि आरशात दाखवून 'आता सासुरवाडीला जायला हरकत नाही' म्हणायचा. पेशंटच्या बायका नवऱ्यासाठी साधी भाकरी आणायच्या आणि मेजरसाठी वेगळ्या डब्यात रस्सा. तोही कुणाचं मन मोडायचा नाही, सगळ्यांचा रस्सा खायचा.

पण बेडपॅन दिसलं की मेजरच्या पाठीत कळ यायची. पाठीत म्हणे बॉम्बचा तुकडा राहिला होता. तो तुकडा भारी हुशार, एरवी गप पडून राही आणि फक्त बेडपॅनच्या वेळी हलायचा. मग वॉर्डबॉय हरीमामा धावायचा, नाहीतर मी. वॉर्डातलं ते काम शिंगटेच्या हातून कधी झालेलं मी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी फौजी कँटीनची रम, सकाळी तोंडात लवंग. एकदा एकाची सलाईनची बाटली संपून नळीत रक्त चढलं, तरी हा पलीकडच्या खाटेपाशी शत्रूच्या ठाण्यावर चढत होता. मी वेळेवर पोचले म्हणून निभावलं. त्यावर त्याचं म्हणणं, 'सिस्टर, तुमच्यासारखा माणूस मागं असला की फौजी बिनघोर पुढं जातो.' बोला आता!

आणि गोळी. गोळी कधी डावीकडं, कधी उजवीकडं, कधी शत्रूची, कधी आपल्याच माणसाची चुकून सुटलेली. त्या हिवाळ्यात माझी आई गेली. दफन उरकून कामावर आले, तर कुणी दोन शब्द बोललं, कुणी नुसता हात धरला. या बाबानं मात्र मला सकाळी सकाळी सांगितलं की गोळी खरं तर मांडीत लागली होती. मी ट्रे आपटून त्याला असा झाडला की मेट्रन खालून वर आल्या. माणसाला वेळ-काळ म्हणून काही कळू नये, याचं मला फार नवल वाटलं.

असं सगळं सुखात चाललेलं असताना सुभेदार रंगराव फाळके आमच्याकडं दाखल झाले.

हे खरे सुभेदार. वय झालेलं, पण पाठ सरळ. साखरेनं पायाची वाट लावली होती, बोटं काळी पडली होती आणि वास सुटला होता. डॉक्टर ठोसरांनी पाहिलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं की पाय गुडघ्याखाली काढावा लागेल, तोही उद्या संध्याकाळच्या आत. विष वर चढलं तर मग पाय ठेवूनही उपयोग नाही, माणूसच जाईल. सुभेदारांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तितक्याच शांतपणे नाही म्हणाले. त्यांच्या पत्नी, सगळे त्यांना काकी म्हणायचे, खाटेच्या कडेला बसून पदर तोंडाला लावून रडायला लागल्या.

तेवढ्यात गुऱ्हाळवाल्यानं हाक मारली, "ओ मेजर, इकडं या की जरा!"

सुभेदारांनी मान वळवली. "कोण मेजर?"

माझ्या मनात काय आलं, ते लपवत नाही. इतके दिवस ज्याची वाट पाहिली तो दिवस उगवला, असं आलं. शिंगटे पुढं आला. आला तो आपोआप सावधान उभा राहिला. सुभेदारांनी पलटण विचारली, त्यानं सांगितली. हुद्दा विचारला, तर म्हणाला, नायक.

"मग हे मेजर काय आहे?"

"लोकांचं प्रेम, साहेब."

"आणि गोळी? मघापासून ऐकतोय. कुठं लागली होती गोळी?"

 गुऱ्हाळवाला उठून बसला. शिंगटे छताकडं पाहत राहिला, जसं काही उत्तर पंख्यावर लिहिलेलं आहे. मग म्हणाला, "साहेब, आता नीट आठवत नाही."

सुभेदारांनी त्याचा जो समाचार घेतला, तो इथं लिहिण्यासारखा नाही. फौजेचं नाव विकून रस्सा खाणारा, पलटणीच्या तोंडाला काळं फासणारा, असं बरंच काही. शेवटी माझ्या खाटेपाशी फिरकलास तर याद राख, म्हणाले. शिंगटे 'जी साहेब' म्हणून मागं वळला आणि गेला. मला त्या दिवशी चहा दोन कप गेला. पण पेशंट कसले वस्ताद! संध्याकाळी बघते तर गुऱ्हाळवाला त्याला विचारतोय, 'मेजर, ते बर्फातलं राहिलं की पुरं करायचं.' म्हणजे खोटं कळलं तरी त्यांना चालत होतं. मला तर हात जोडावेसे वाटले.

दुसऱ्या दिवशी सुभेदारांचा ताप चढला. पुण्याहून जावई आला, त्यानं समजावलं. गावचे सरपंच आले, त्यांनी समजावलं. काकींनी पाय धरले, ज्या पायाचा प्रश्न होता तोच धरला, आणि मग दचकून सोडला. सुभेदार हलले नाहीत. मी सलाईन बदलत होते, तेव्हा काकींना म्हणाले ते मी ऐकलं. "मरणाला भीत नाही मी. पण उद्या कुणीतरी मला उचलून संडासला नेणार, लहान पोरासारखं धुणार, ते मला जमायचं नाही. त्यापेक्षा मी असाच जातो." काकी म्हणाल्या, मी करीन की सगळं. त्यावर ते भिंतीकडं तोंड करून पडले.

डॉक्टर ठोसर दुपारी पुन्हा येऊन गेले. जाताना दाराशी मला म्हणाले की सही मिळाली तर कुठल्याही क्षणी थिएटर तयार ठेवा, आणि नाही मिळाली तर काकींच्या मनाची तयारी करा. माझ्या बापाच्या वयाचा माणूस डोळ्यांदेखत हट्टापायी मरायला निघाला होता. मला त्यांचा राग येत होता आणि रडूही येत होतं.

आणि मग भेटीच्या वेळेलाच, वॉर्ड पाहुण्यांनी गच्च भरलेला असताना, औषधांनी त्यांचं पोट बिघडलं. काही कळायच्या आत अंथरुणातच झालं. वास सुटला. पाहुण्यांनी माना वळवल्या, एक बाई पदर नाकाला लावून उठल्या. जावई 'जरा फोन करून येतो' म्हणून जो गेला तो गेलाच. हरीमामा बादली घेऊन धावला, तर सुभेदारांनी स्टीलचा पेला उचलून त्याच्या अंगावर फेकला. मी पुढं झाले, तर म्हणाले, "पोरी, लांब हो. हात लावायचा नाही." काकींनाही तेच. चादर दोन्ही मुठींत घट्ट आवळून हा माणूस डोळे मिटून पडला होता, आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येत होतं. माझ्या उभ्या नोकरीत मला इतकं हतबल कधी वाटलं नाही.

तेव्हा शिंगटे आला. बाह्या वर केलेल्या, हातात कोमट पाण्याचं घमेलं, खांद्यावर धुतलेली चादर आणि पंचा. मला वाटलं, वा, थट्टेला वेळ छान निवडली. मी डोळे वटारले. तो माझ्या बाजूनं सरळ आत गेला आणि हिरवा पडदा ओढून घेतला. मी पडद्याबाहेरच थांबले. पाठीतला तुकडा हलला की पुढचं काम मलाच करावं लागणार होतं ना.

आत घमेलं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग सुभेदार दात-ओठ खात म्हणाले, "तुला सांगितलं होतं इथं फिरकायचं नाही."

"जी साहेब. तर साहेब, जून महिना होता आणि कमरेएवढा बर्फ," शिंगटे म्हणाला. अगदी जसं काही गप्पा मारायलाच बोलावलं होतं.

माझा हात कपाळावर गेला.

"आमच्याकडं एक खेचर होतं, त्याचं नाव सुलतान. अख्खी तोफ त्याच्या पाठीवर बांधून आम्ही निघालो."

आतून पाण्याचा आवाज.

"चाकांसकट तोफ, साहेब. सुलतान डगमगला नाही."

 मग सुभेदारांचा आवाज आला, बारीक, पण आला. "अख्खी तोफ?"

"जी. एकटा सुलतान."

"गाढवा, तोफ सुटी करतात आधी. नळी वेगळी, चाकं वेगळी. सात-आठ खेचरं लागतात एका तोफेला."

"असेल साहेब. आमच्याकडं खेचरांची टंचाई होती. जरा डावीकडं कूस वळा. तर कर्नलसाहेबांनी मला बोलावलं आणि म्हणाले, नायक शिंगटे, मी जेवून येतो, तोवर पलटण तू सांभाळ."

"कर्नल? नायकाला?" आता आवाज चांगलाच चढला होता. "अरे मध्ये मेजर, कॅप्टन, सुभेदार सगळे मेले होते काय?"

"जेवायला गेले होते, साहेब. आता उजवीकडं."

पडद्याबाहेर गुऱ्हाळवाल्याला हसू आवरेना, त्यानं उशी तोंडावर धरली. आत सुभेदार तावातावानं पलटण कशी चालते ते सांगत होते, आणि शिंगटे एकामागून एक अशा थापा मारत होता की मलाही, जिला खेचर आणि घोडा यातला फरक कळत नाही, मध्ये पडून त्याला गप्प करावंसं वाटत होतं. जूनमध्ये तिथं बर्फ कसा, हे सुभेदारांनी विचारलं तर म्हणाला, मग जुलै असेल. त्यावर सुभेदारांनी फौजेतली एक अस्सल शिवी हासडली. शिवी ऐकून मला बरं वाटलं, हे मी चर्चमध्ये कबूल केलेलं नाही.

पडदा सरकला. सुभेदार पांढऱ्या स्वच्छ चादरीवर, धुतलेल्या कपड्यांत, उशीला टेकून बसले होते आणि बोट नाचवून शिंगटेला सांगत होते की नायकाला तोफेजवळ कुणी उभंसुद्धा करत नाही. बोलता बोलता त्यांची नजर चादरीवर गेली. ते थांबले. आपल्या हातांकडं पाहिलं, कपड्यांकडं पाहिलं.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"केव्हाच झालं, साहेब," शिंगटे म्हणाला आणि घमेलं घेऊन निघाला.

सुभेदारांनी चादरीची घडी हातानं सारखी केली. काकी भीत भीत जवळ आल्या, तर त्यांनी काकींच्या डोक्यावर हात ठेवला. मग मला म्हणाले, "सिस्टर, ठोसरांना बोलवा. म्हणावं, कागद घेऊन या. सही करतो."

मी धावतच गेले. वाटेत मोरीच्या दाराशी थबकले. आत मेजर मोरीच्या कडेला ओणवा होऊन ओकत होता. इतकं भडाभडा, की त्याला उभं राहता येईना. त्याला घाणीचा वास सोसतच नव्हता. तो नर्स कशासाठी झाला, हे त्याचं त्यालाच माहीत.

"पाठीतला तुकडा हलला का?" मी विचारलं. मला दुसरं काही सुचलं नाही.

त्यानं चूळ भरली. "तोच सिस्टर. कुणाला सांगू नका, मेजरचं नाव खराब होईल."

सुभेदारांचा पाय त्याच संध्याकाळी काढला आणि माणूस वाचला. जखम भरून आली, कुबड्यांवर चालायला लागले. त्यांचं रोजचं धुणं-पुसणं हरीमामा करायचा, मीही करायचे, आणि दर वेळी सुभेदार ओरडायचे, 'त्या गाढवाला बोलवा, त्याचा सुलतान कुठपर्यंत पोचला विचारायचंय.' मेजर यायचा, लांब उभा राहून थापा मारायचा, आणि काम आम्ही करायचो. हिरो कोण झालं हे सांगायला नकोच.

घरी जायच्या दिवशी जीपची वाट पाहत ते व्हरांड्यात बसले होते. मी म्हटलं, तुम्ही त्याला खोटारडा म्हणाला होता, आणि आता त्याच्याशिवाय घास उतरत नाही तुम्हाला.

"खोटारडाच आहे तो," सुभेदार म्हणाले. "बंदूक चालवलेली नाही त्यानं. बँडवाला आहे. दुसऱ्या दिवशीच ओळखला मी."

मला हसू फुटलं. बँड! म्हणजे आमचा मेजर फौजेत वाजंत्री होता!

"हसू नको, पोरी. लढाई लागली की बँडवाले बाजा खाली ठेवतात आणि स्ट्रेचर उचलतात. गोळ्या चालू असताना जखमींना खाली आणायचं काम त्यांचं. हातात काही नाही, औषध नाही. वाटेत जखमीचे डोळे मिटायला लागले, की त्याला जागा ठेवायचा. कसा ठेवायचा? त्याच्याशी बोलायचं. आणि खरं बोलून काही होत नाही. चुकीचं बोलायचं. माणूस मरायला टेकलेला असला तरी दुसऱ्याची चूक काढल्याशिवाय त्याला राहवत नाही." त्यांनी कुबडी मांडीवर आडवी घेतली. "मला वाटलं होतं, कुणी आपल्याला असं धुतलं की मेल्याहून मेल्यासारखं होईल. मला कळलंच नाही, कधी धुतलं ते. मी तोफेच्या नादात होतो."

जीप आली. सुभेदार गेले. मी व्हरांड्यात उभी राहिले, आणि मला गुऱ्हाळवाल्याची ती चिकटलेली पट्टी आठवली, तो खो-खो हसत असताना सुटून आलेली. मग आई गेल्यानंतरची ती सकाळ आठवली. मांडीतली गोळी, आणि मी आपटलेला ट्रे. दफनानंतर त्या सकाळी पहिल्यांदा माझा आवाज फुटला होता.

यावर मेजर सुधारला असं कुणाला वाटत असेल, तर त्यांनी मनातून काढून टाकावं. पुढच्याच आठवड्यात तो चादरींच्या खोलीत घोरताना सापडला. रस्सा चालू राहिला, रमही. मी त्याला झाडणं सोडलं नाही आणि त्यानंही मला त्याची सवय सोडू दिली नाही.

रमनं शेवटी हिशेब केला. कितीतरी वर्षांनी, माझी निवृत्ती तोंडावर आली असताना, दौलत शिंगटे आमच्याच वॉर्डात, गुऱ्हाळवाल्याच्याच खाटेवर येऊन पडला. डोळे हळदीसारखे पिवळे, पोट फुगलेलं, मिशी तेवढी जागच्या जागी. हरीमामा केव्हाच घरी बसला होता. नवी पोरं मेजरला ओळखत नव्हती, पटापट काम उरकून मोबाइल बघायची. एका सकाळी त्याला अंथरुणात झालं. मी घमेलं घेऊन गेले तर त्यानं चादर मुठीत धरली आणि भिंतीकडं तोंड केलं.

"सिस्टर, तुम्ही नको," एवढंच म्हणाला.

मी पडदा ओढला. खोटं बोलू नये, हे मला लहानपणीच पाठ करून घेतलेलं. माझे आजोबा नगरकडं चर्चचे पाळक, बोकडाहून मोठं जनावर त्यांनी जवळून पाहिलेलं नव्हतं.

"मेजर, माझ्या आजोबांना वाघानं धरलं होतं," मी म्हणाले.

 मी पंचा पिळला.

"उजवा हात खांद्यापर्यंत वाघाच्या तोंडात. कूस वळा जरा. पण आजोबा डगमगले नाहीत. त्यांनी आधी प्रार्थना केली, मग शर्टाच्या बाह्या सारख्या केल्या, आणि दोन्ही हातांनी वाघाचा जबडा धरून टरकावला."

मला थाप मारायची सवय नाही. मी पंचा पुन्हा पाण्यात बुडवला. मग भिंतीकडून मिशीतल्या मिशीत आवाज आला.

"सिस्टर, उजवा हात वाघाच्या तोंडात होता ना? मग दोन्ही हात आले कुठनं?"

"चुकलं माझं," मी म्हणाले.

तोवर चादर बदलून झाली होती.